रामटेकच्या माळावर: दोन उड्यांमधलं अंतर

घरातून पाय बाहेर टाकला तेव्हा कुंदाची आई उंबऱ्यात उभी होती. "पाहून या पोरीले," ती म्हणाली, "पण ही शेवटची उडी, हे तिले सांगूनच या. मले शब्द द्या." मी शब्द दिला. पिशवीत संत्री आणि पाण्याची बाटली होती. मनातल्या मनात त्रिशरण म्हटलं आणि नागपूरच्या गाडीसाठी फाट्याकडे चालू लागलो.

कुंदा आमची थोरली. नागपूरला कॉलेजच्या वसतिगृहात राहते आणि तिथल्या एका हवाई क्लबात विमानातून पॅराशूट घेऊन उडी मारायला शिकते. त्या रविवारी रामटेकजवळच्या माळावर क्लबाचं प्रात्यक्षिक होतं. विमान नागपुरातून उडणार, मुलं माळावर उतरणार. मी खापरखेड्याच्या वीज केंद्रात भांडारात कामाला आहे. आयुष्यात शिडीपेक्षा उंच चढलेलो नाही. पण मुलगी आकाशातून उतरणार असेल तर बापानं जमिनीवर तरी हजर असावं, असं मला वाटलं.

ज्यांना जायचं असेल त्यांच्यासाठी सांगतो. खापरखेड्याहून थेट रामटेकची गाडी मिळाली तर उत्तमच. पण तिची वाट पाहण्यापेक्षा नागपूरला येऊन एस.टी. पकडलेली बरी. भाडं कुणाच्याही खिशाला जड होणार नाही असं आहे. स्टॅंडाबाहेर सकाळी तर्री-पोहे मिळतात. तर्री वरून जपून मागा, माझ्यासारख्याला ठसका लागतो. कामठी सोडली की कन्हान नदीचा पूल लागतो. थंडीच्या दिवसांत पाण्यावर धुक्याचा पातळ थर असतो. तेवढ्यासाठी उजव्या खिडकीची जागा धरावी.

माझा साळा नामदेव नागपूरला माझ्याबरोबर गाडीत चढला. हा माणूस बसला की गाडीला दुसरा भोंगा लागत नाही.

"भाऊजी, पोरीले उडाले शिकवलं तुमी," तो म्हणाला, "आता लग्नात नवरदेवानं घोड्यावर यावं का इमानात?"

"आधी तिला खाली तर उतरू दे."

शेजारच्या बाकावर गडावर निघालेल्या एक म्हाताऱ्या बाई होत्या. त्या हसल्या आणि विचारलं, "दर्शनाले चालले का गा?" मी म्हटलं, "नाही आई, आम्ही बौद्ध. पोरीला पाहायला चाललो." त्यांनी विचार केला आणि म्हणाल्या, "मंग तुमच्या पोरीसाठी मीच हात जोडतो." मी पिशवीतलं एक संत्रं त्यांच्या हातावर ठेवलं. मी विशीत असताना बौद्ध धम्माची दीक्षा घेतली. तेव्हापासून मी कुणाकडे काही मागत नाही, फक्त मन जागेवर ठेवायचा प्रयत्न करतो. पण कुणी आपल्या लेकीसाठी हात जोडत असेल तर नको म्हणण्याइतका कोरडाही नाही.

संत्र्यांवरून आदला रविवार आठवला. सगळी भानगड तिथंच झाली होती. कुंदा घरी आली होती, आणि आईची भीती जावी म्हणून तिनं अंगणात प्रयोग करून दाखवला. मला म्हणाली, "बाबा, तुम्ही एका लयीत टाळ्या वाजवा. मी म्हणजे विमान. प्रत्येक टाळीला एक संत्रं टाकते. एक संत्रं म्हणजे उडी मारणारी एक टोळी." मी टाळ्या वाजवल्या. ती भराभर चालत गेली, आणि अंगणभर संत्री लांब लांब पडली. "हे वारा नसताना. आता वर समोरून जोराचा वारा आहे असं धरा. विमान तेवढाच जोर लावतं, पण जमिनीवरून पाहिलं तर मुंगीसारखं सरकतं." ती इंच इंच पावलं टाकू लागली. माझ्या टाळ्या त्याच लयीत होत्या. या वेळी संत्री एकमेकांना चिकटून पडली, एक तर दुसऱ्यावर आपटून फुटलं.

"पाहिलं? खालच्या टोळीच्या छत्र्या उघडल्या असतील, आणि दुसरी टोळी त्यांच्या डोक्यावर दगडासारखी येईल."

"मग करायचं काय?" मी विचारलं.

"काही नाही. नंतरच्या टोळीनं दारात जास्त थांबायचं. विमान जमिनीवरून पुरेसं पुढे सरकेपर्यंत."

मला ते पटलं. कुंदाच्या आईला फक्त फुटलेलं संत्रं दिसलं. ती आत निघून गेली. तो शब्द तिनं माझ्याकडून घेतला तो त्या फुटलेल्या संत्र्यामुळे.

रामटेकला उतरलो तेव्हा ऊन छान तापलं होतं. स्टॅंडासमोर नामदेवनं कपुरी पान खाल्लं, मला आग्रह केला, मी चहावर भागवलं. तिथून माळ पायी जाण्यासारखा आहे. एका बाजूला गड सोबत चालत राहतो, दुसरीकडे धानाची कापून मोकळी झालेली बांधी, मधे कुठे हरभरा, आणि पलीकडे नहर, म्हणजे पाण्याचा कालवा. बैलगाडीवाल्यानं सांगितलं, "लोक जिकडे चालले तिकडेच जा, आज सारं गाव तिकडेच हाय."

खरंच होतं. माळावर जत्रेसारखी माणसं जमली होती. भुईमुगाच्या शेंगा, फुटाणे, रंगीत सरबत, सगळं. मधोमध उतरायची खूण म्हणून पांढऱ्या चादरींची मोठी फुली मांडली होती. तिथं क्लबाचे शिक्षक उभे होते, फौजेतून निवृत्त झालेले सुभेदार. मी कुंदाचा बाप म्हटल्यावर त्यांनी मला दोरीच्या आत घेतलं. नामदेवही माझ्या मागून आत शिरला.

"आज दोन टोळ्या," सुभेदार म्हणाले. "पहिले चार लडके. मागून तीन मुली. तुमची कुंदा त्यांची लीडर. किती थांबायचं ते तिनं ठरवायचं."

हवा अगदी पडलेली होती. पळसाचं पान हलत नव्हतं. पण वर पाहिलं तर पिंजलेल्या कापसासारखे बारीक ढग पूर्वेकडे पळत होते. ते माझ्या लक्षात आलं, आणि अंगणातली ती इंच इंच पावलंही आठवली.

विमानाचा आवाज आला. ते पूर्वेकडून आलं आणि अगदी हळू सरकत डोक्यावर पोचलं. पहिल्या टोळीला निघायला जरा उशीर झाला. विमान फुलीच्या पुढे गेलं तेव्हा कुठे चार ठिपके सुटले. लोकांनी आरोळी ठोकली. ठिपके पडत राहिले, जवळ आले, मग एकमेकांपासून लांब पांगले. मग एक, दोन, तीन, चार छत्र्या उघडल्या.

"आता आपली!" नामदेव ओरडला.

विमान पुढे सरकत होतं. कुणी बाहेर आलं नाही.

लोक वाट पाहू लागले. मग कुठूनतरी टाळ्या सुरू झाल्या. आधी दोन-चार जण, मग सगळा माळ, एका लयीत. मधून शिट्ट्या.

"पोरगी भेली रे!"

"घरी जाय वं बाई, भाकरी थाप!"

नामदेवचा चेहरा उतरला. "काहून गा भाऊजी, काहून उडी मारत नाही ते?"

टाळ्या वाजत होत्या, आणि संत्रं पडत नव्हतं. मी श्वासाकडे लक्ष दिलं. आत येतो, बाहेर जातो, एवढंच पाहायचं असं भंतेजींनी शिकवलं आहे. दुसरं काही जमतच नव्हतं. खरं सांगायचं तर एक विचार येऊन गेला, की ती खरंच घाबरली असेल तर बरं होईल. विमानातूनच खाली येईल, मला शब्द पाळायची गरजच पडणार नाही, तिची आई सुखानं झोपेल.

विमान पलीकडच्या झाडीवर पोचलं आणि वळलं.

सुभेदारांनी इतका वेळ धरून ठेवलेला श्वास सोडला. माझ्याकडे न बघता म्हणाले, "डरी नहीं है. रुकी है."

"म्हणजे?"

"वर हवा जास्त आहे. विमान सरकतच नव्हतं. मुलं लेट निघाली. त्यांच्यापासून पुरेसं लांब जाईपर्यंत ती थांबली, तर तेवढ्यात माळ मागे पडला. तिथं उडी मारली असती तर तिघी जंगलात उतरल्या असत्या. लवकर मारली असती तर..." त्यांनी वर तरंगणाऱ्या चार छत्र्यांकडे बोट दाखवलं आणि वाक्य तिथंच सोडलं.

विमान मोठा फेरा घेऊन परत आलं. मधल्या वेळात मुलं फुलीच्या आसपास उतरली आणि लोकांनी त्यांना खांद्यावर घेतलं. दुसऱ्या फेरीत आकाश मोकळं होतं. तीन ठिपके सुटले. मला त्यातला माझा कोणता ते कळेना, म्हणून तिघांवरही नजर ठेवली. ते जवळ आले, एकत्र राहिले, मग तीन दिशांना पांगले. तिन्ही छत्र्या उघडल्या तेव्हा मला कळलं की मी नामदेवचा दंड घट्ट धरून ठेवला होता.

"सोडा न भाऊजी, हात काळा पडला," तो म्हणाला. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं.

कुंदा हरभऱ्याच्या बांधाशी उतरली. आम्ही पोचेपर्यंत पहिल्या टोळीचा पोरगा तिच्यासमोर उभा होता. "लोक हसून राहिले होते तुझ्यावर! दुसरी फेरी मारायला लावली. क्लबाचं नाव खराब केलं."

"दारातून खाली पाहिलं होतं का तू?" ती छत्री गोळा करत म्हणाली. "नहर एकाच जागी होता. सरकतच नव्हता. तुम्ही चौघं माझ्या पायाखालीच होता."

"खाली तर पान हलत नव्हतं."

"मी खाली नव्हते."

पोरगा वाकला. त्यानं तिच्या छत्रीचं एक टोक धरलं आणि दोघं मिळून तिची घडी घालू लागले.

मग तिनं मला पाहिलं. "बाबा, आवाज वरपर्यंत येत नाही," ती म्हणाली, "पण खालची माणसं काय म्हणत असतील ते समजत होतं. तुम्ही काय म्हणत होता?"

"मी श्वास मोजत होतो."

"मी पण," ती म्हणाली.

सांगायची वेळ तीच होती. बांधावर बसून आम्ही संत्री सोलून खाल्ली, सुभेदारांनाही दिली. नामदेव तिला नवरदेवाच्या विमानाचं विचारत होता. मी तिच्या हातांकडे पाहत होतो. ते संत्र्याची साल एकसंध सोलत होते. शब्द ओठांवर आला आणि तिथंच राहिला.

परतीची गाडी भरलेली होती, कामठीपर्यंत उभं राहून आलो. जाणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं, रविवारी रामटेकहून लवकर निघावं. उभ्या उभ्या मी एकाच गोष्टीचा विचार करत होतो. सगळा माळ टाळ्या वाजवत असताना उघड्या दारात गप्प उभं राहायला मला जमलं असतं का? घरी जाऊन काय सांगायचं, हे त्यातूनच ठरलं.

कुंदाची आई तांदूळ निवडत होती. मी हातपाय धुतले. तिनं वर न पाहता विचारलं, "सांगितलं तिले?"

"नाही."

"शब्द देल्ला होता तुमी."

"दिला होता. मोडला." मग मी तिला सगळं सांगितलं. टाळ्या, शिट्ट्या, भाकरी थापायचा टोमणा, दुसरी फेरी, आणि तो न सरकणारा नहर. सूप तिच्या मांडीवर तसंच राहिलं.

"लोक हसून राहिले होते, तरी थांबली ते?"

"थांबली."

 तिनं तांदूळ पुन्हा निवडायला घेतले.

"पुढच्या वेळी मले बी न्या," ती म्हणाली. "पण मी वर नाई पाहणार."

"मग येऊन काय करणार?"

"खाली आल्यावर पाहीन न तिले."