लाइट गेल्यावरचं गाणं

माझी आवडती गायिका दिसते कशी, हे मला पंचविशी येईपर्यंत नीट माहीत नव्हतं. आवाज मात्र पाठ होता. कडव्याच्या आधी ती श्वास कुठे घेते आणि कोणत्या शब्दावर तिचा आवाज जरा चिरतो, हे मी झोपेतही सांगू शकले असते.

आम्ही नाशिकरोडला राहायचो. माझे वडील, आम्ही त्यांना अण्णा म्हणायचो, एकलहऱ्याच्या वीजकेंद्रात कोळशाच्या विभागात कामाला होते. आमच्या वस्तीत बहुतेक घरं आमच्याच समाजाची. जयंती जवळ आली की मैदानाबाहेर कॅसेटवाल्यांच्या गाड्या लागायच्या आणि अण्णा दरवर्षी भीमगीतांची एक कॅसेट घेऊन यायचे. मी सातवीत असताना त्यांनी आणलेली कॅसेट तिची होती. कव्हरवर स्टुडिओत काढलेला फोटो होता, पण गाल-ओठ इतके रंगवलेले की ती बाई कोणीही असू शकली असती.

तिच्या गाण्यांत घोषणा कमी असायच्या. वर्गात मागच्या रांगेत बसवलेली मुलगी, सही करायला शिकणारी म्हातारी, गावाबाहेरच्या विहिरीवर ताटकळलेली बाई, अशी माणसं असायची. शेवटच्या कडव्यात ती माणसं ताठ उभी राहायची. ती ओळ आली की मीसुद्धा नकळत पाठ सरळ करून बसायचे. पुढच्या वर्षी अण्णांनी विचारलं, "कोणती आणू?" मी म्हटलं, "तिचीच नवी असेल तर बघा." मग तेच ठरून गेलं. कॅसेटची फीत गुंतली की पेन्सिलीनं फिरवून सरळ करायची, तुटली तर चिकटपट्टी लावायची, पण टाकायची नाही.

आईला ती फारशी आवडत नव्हती. आई रेडिओवरच्या जुन्या सिनेमाच्या गाण्यांची. ती म्हणायची, "भांडल्यासारखी गाते गं ही."

तिचा कार्यक्रम बघायला मिळाला तो फक्त अण्णांना. निफाडकडच्या एका गावात ती येणार म्हणून वस्तीतली माणसं टेम्पो करून गेली होती. बायकांना, मुलींना त्यात जागा नव्हती, आणि तेव्हा कोणी तसं विचारतही नसे. दुसऱ्या दिवशी अण्णा पाळी संपवून घरी आले तसं मी त्यांना पायसुद्धा धुऊ दिले नाहीत.

"कशीय दिसायला?"

"उंच हाय. चांगली धिप्पाड. उभ्यानं गाते. नुसता हात वर केला की मैदान गप."

त्यानंतर बरीच वर्षं माझ्या डोळ्यांसमोर तीच उंच, धिप्पाड बाई होती.

पुढे मी डी.एड. केलं आणि देवळा तालुक्यात जिल्हा परिषदेच्या शाळेवर लागले. देवळ्यात खोली घेतली होती. शनिवारी शाळा सुटली की एसटी पकडायची आणि घरी यायचं. एका आठवडेबाजारात भाजी घेत असताना खाटेवर सीड्या मांडून बसलेला एक माणूस दिसला. लग्नाची गाणी, देवीची गाणी, विनोदी नाटकं, आणि त्यातच तिचं नाव. फोटो होता, पण स्टुडिओतला नव्हता. मंचावरचा होता, धूसर, तोंडापुढे माइक आलेला.

मी सीडी हातात घेतली तसा तो माणूस अहिराणीत म्हणाला, "लाइव्ह शे ताई. पुरा प्रोग्राम शे."

त्या शनिवारी एसटीत मी ती पिशवीतून काढून किती वेळा बघितली असेल.

रविवारी सकाळी अण्णा घरीच होते. आई भिंतीला टेकून मेथी निवडत बसली होती. मी सीडी लावली. आधी नुसते सत्कार. हार, शाल, नारळ, माइकवर कोणाची तरी न संपणारी प्रस्तावना. कॅमेरा मध्येच गर्दीवर फिरायचा. सतरंज्यांवर बसलेल्या बायका, मांडीवर झोपलेली मुलं, मागे ट्रॉलीवर चढून बसलेले पुरुष. आणि मग ती आली.

ती बुटकी होती. चांगली बुटकी, माझ्या खांद्याला लागेल एवढी. चष्मा, भांगात पांढरे केस, खांद्यावर पिन लावलेली निळी साडी. आल्या आल्या तिनं माइकचा दांडा स्वतःच खाली केला आणि कोणीतरी पुढे केलेल्या स्टुलावर बसली.

मी अण्णांकडे बघितलं.

"लांबून उंच दिसली असंल," अण्णा म्हणाले.

आई हसली, तोवर गाणं सुरू झालं. कॅसेटमध्ये जे कधीच कळलं नव्हतं ते आता दिसत होतं. सगळा कार्यक्रम ती एकटी चालवत होती. ढोलकीवाला जरा पळायला लागला की ती त्याच्याकडे नुसतं बघायची आणि तो जागेवर यायचा. पेटीवाल्याला थांबवायचं तर मांडीवरचं एक बोट उचलायची. सगळे पुरुष, काही तर तिच्याहून वयानं मोठे, पण नजर सगळ्यांची तिच्या त्या बोटावर. वर्गात चाळीस पोरं सांभाळताना माझा घसा बसायचा, आणि ही बाई अख्खं मैदान एका बोटानं चालवत होती.

मध्येच गर्दीतून कोणीतरी ओरडलं. त्याला सिनेमातलं एक गाजलेलं गाणं हवं होतं. काही लोक हसले, शिट्ट्या वाजल्या. तिनं चष्मा वर सरकवला.

"दादा, ते गाणं चांगलंय. गाणारीपण चांगलीय. तिला बोलवाल तेव्हा तिचं ऐका. आज मला बोलवलंय."

पुन्हा शिटी वाजली नाही.

त्याच पाकिटातल्या दुसऱ्या सीडीत ती माझं सगळ्यात आवडतं गाणं म्हणत होती, सही शिकणाऱ्या म्हातारीचं. दुसऱ्या कडव्याच्या मधोमध खट् असा आवाज झाला आणि पडदा काळा झाला. अण्णांना वाटलं आमच्याच घरची लाइट गेली. ते बटण बघायला उठले. पण प्लेअरवरचे लाल आकडे चालूच होते.

आणि त्या काळ्या पडद्यातून तिचा आवाज येत होता.

माइक बंद पडला होता. आवाज एकदम लांब गेला, बारीक झाला, पण ओळ तुटली नाही. ढोलकी क्षणभर थांबली, मग हलक्या हातानं परत लागली. दिसत काहीच नव्हतं. एक लहान मूल रडलं आणि गप्प झालं. कोणीतरी दबक्या आवाजात म्हणालं, "ट्रॅक्टर आण रे पुढं." मग घरघर, आणि एका बाजूनं हेडलाइटचा पिवळा झोत मंचावर पडला. इंजिन बंद केल्यावर परत तिचा आवाज मोकळा झाला. ती उठून उभी राहिली होती. उजेड डोळ्यांवर येत होता म्हणून तिनं एक हात कपाळावर धरला होता आणि झोतात किडे घोंगावत होते. तशीच ती शेवटच्या कडव्यापर्यंत गेली.

गाणं संपल्यावर टाळ्यांची वाट न बघता तिनं विचारलं, "मागं ऐकू येतंय का?"

अंधारातून, पार लांबून, अख्ख्या मैदानाचा एकच आवाज आला, "येतंय."

"मग घ्या पुढचं," ती म्हणाली आणि पुढचं गाणं सुरू केलं.

आईच्या हातातली मेथीची काडी तशीच राहिली होती. थोड्या वेळानं ती म्हणाली, "बिनामाइकचा आवाज चांगलाय गं हिचा."

ते दिवस लोडशेडिंगचे होते. वर्तमानपत्रात वेळापत्रक छापून यायचं, आणि शहरापेक्षा खेड्यांत लाइट जास्त वेळ जायची. आमचा माणूस आयुष्यभर कोळशाच्या धुळीत उभा राहून वीज बनवणारा, आणि त्याची आवडती गायिका ट्रॅक्टरच्या उजेडात गात होती. अण्णा म्हणाले, "तवा आम्ही तिकडं पाळीवरच असणार." मग म्हणाले, "मागं घे गं. लाइट जाते तिथून लाव."

आम्ही तेवढा भाग परत बघितला. मला तिचा अभिमान वाटला, ते तर होतंच. पण मागून आलेल्या त्या 'येतंय'चासुद्धा तेवढाच वाटला. ती माणसं आमच्यासारखीच होती. दिवसभर कांदे काढून आली असतील, आणि अंधारात बसून राहिली होती.

सीडीच्या कव्हरवर खाली 'कार्यक्रमासाठी संपर्क' असं लिहून मोबाइल नंबर दिला होता. पुढचा आठवडाभर शाळेत माझं लक्ष नव्हतं. पुढच्या रविवारी घरच्या फोनवरून मी तो नंबर लावला. वाटलं होतं कोणी मॅनेजर उचलेल, त्याला म्हणू, ताईंना सांगा कार्यक्रम आवडला. पण "हॅलो, कोण?" हे दोन शब्द ऐकले आणि मी रिसीव्हर दोन्ही हातांनी धरला. मागे भांडी वाजत होती, पण आवाज तोच.

"जय भीम, ताई. मी नाशिकरोडवरून बोलतेय."

"जय भीम. कधीचा कार्यक्रम आहे?"

"कार्यक्रम नाहीये. मी तुमची सीडी बघितली."

"कुठली? लाइट गेली ती?"

"हो."

ती हसली. "सीडीवाला म्हणत होता, तेवढं कापू या. काळं काळं दिसतं, लोक सीडी खराब आहे म्हणून परत आणून देतील. मी म्हटलं, ते कापलंस तर कव्हरवरचा माझा फोटोपण काढून टाक."

"बरं झालं नाही कापलं."

"अगं, त्या अंधारात एक माणूस उठून गेला नाही. लेकरं घेऊन बसलेल्या बाया होत्या. साप-किरडूचं रान ते. तरी बसल्या. ते कसं कापायचं?"

मला खूप बोलायचं होतं. सातवीपासूनचं सगळं. पण तोंडातून एवढंच आलं, "ताई, मी शाळेत शिकवते."

"काय सांगतीस," ती म्हणाली, आणि तिचा आवाज एकदम मऊ झाला. "मग माझ्यापेक्षा तुझं काम मोठं. मी नुसतं गाते, शाळेत जा म्हणून. त्या पोरी तुझ्याकडंच येतात ना."

तेवढ्यात अण्णा हातानं खुणा करायला लागले. मी फोन त्यांच्याकडे दिला.

"जय भीम, ताई. मी हिचा वडील. एकलहऱ्याला असतो. वीज बनवायच्या कामाला."

मग फोनमधून मलाही ऐकू येईल एवढ्या मोठ्यानं ती म्हणाली, "म्हणजे तुम्हीच घालवली होय, दादा, माझी लाइट?"

"नाय ओ, ताई. आम्ही बनवतोच हाय. पुरत नाय."

"मग बनवत राहा. तोवर मी गाते."

फोन ठेवल्यावर अण्णा कितीतरी वेळ दारात उभे होते. 'बनवत राहा, तोवर मी गाते' हे त्यांनी त्या महिन्यात पाळीवरच्या प्रत्येक माणसाला सांगितलं असेल. सांगताना ते तिचा आवाज काढायचा प्रयत्न करायचे. तो त्यांना कधीच जमला नाही.

त्या वर्षी जयंतीच्या बैठकीत मंडळाच्या पोरांनी कीबोर्डवाला ऑर्केस्ट्रा आणायचं ठरवत आणलं होतं. अण्णा बैठकीत नेहमी मागे, चपलांजवळ बसायचे. त्या दिवशी ते उठून उभे राहिले आणि म्हणाले, "तिला बोलवा."

"काका, ती आता जुनी झाली," एक जण म्हणाला.

"आधी बघा. मग बोला."

पुढच्या रविवारी विहारात टीव्ही लावला. पोरं आली, पण पाय पसरून, आपसात बोलत बसली होती. पडदा काळा झाला तेव्हा दोघं-तिघं हसलेही. मग हसणं थांबलं. 'मागं ऐकू येतंय का' असं ती म्हणाली तेव्हा विहारात बसलेला एक पोरगा पटकन "येतंय" म्हणाला, आणि लाजला. त्याला कोणी चिडवलं नाही. उठताना मंडळाचा अध्यक्ष अण्णांना म्हणाला, "नंबर द्या, काका."

ती आली. त्या संध्याकाळी लाइट गेली नाही, माइक नीट चालला, सगळं वेळेवर झालं. अण्णा मंचामागे वायरींवर लक्ष ठेवून उभे होते, त्यांना ते काम कोणी सांगितलं नव्हतं. मला टीव्हीवर दिसलं होतं तितकं जवळून तिथे काही दिसत नव्हतं. मी बायकांच्या गर्दीत फार मागे होते. दोन डोक्यांच्या फटीतून कधी तिचा चष्मा चमकायचा, कधी तो उचललेला हात दिसायचा. पण पहिल्या ओळीला सगळं मैदान जे दुमदुमलं, ते कुठल्याही सीडीत मावलं नसतं. मी गात होते. केव्हा गायला लागले ते मलाच कळलं नाही. सगळी कडवी, मधल्या जागा, कोरसचे तुकडे, सगळं म्हणत होते, आणि माझा आवाज काही गाण्याचा नाही.

शेजारी बसलेल्या एका अनोळखी बाईनं वळून माझ्याकडे बघितलं. लांबच्या गावावरून आली असावी, मांडीवर पिशवी होती.

"तुम्ही यांच्या गायनपार्टीतल्या का?" तिनं विचारलं.

"नाही," मी म्हटलं. "मी यांची ऐकणारी."

ती हसली, पिशवी उचलून दुसऱ्या बाजूला ठेवली आणि सतरंजीवर मला जरा पुढे सरकायला जागा करून दिली.