चुकलेली खिडकी

सुनेच्या नव्या फ्लॅटचं दार उघडलं आणि आधी नाकाला जवसाच्या तेलाचा वास आला. परभणीत, तिसऱ्या मजल्यावर, गुळगुळीत पांढऱ्या फरशीच्या घरात हा वास कुठून आला बाई, म्हणून मी चप्पल काढता काढताच थबकले. बघते तर बैठकीच्या भिंतीवर कुठल्याशा पाडलेल्या वाड्याची एक जुनी सागवानी खिडकी! चौकट, कोरीव महिरप, पितळी कड्या, सगळं जागच्या जागी, आणि तेल पाजून लाकूड लालसर, तुकतुकीत केलेलं. खाली राखाडी रंगाचा नव्या धाटणीचा सोफा, वर कुठंतरी लपवलेले दिवे. नव्यात जुनं शोभून दिसत होतं, खोटं कशाला बोलू? फक्त झडपा उघडल्या तर पलीकडे रस्ता नाही, आरसा. त्यात माझंच म्हातारं तोंड. “आई, कसं वाटतंय घर?” सुनेनं विचारलं. बिचारी पाणी द्यायचं विसरून माझ्या चेहऱ्याकडे बघत राहिली होती. “थांब गं, जरा टेकू दे,” म्हणत मी खिडकीसमोरच्या खुर्चीत बसले. मन तर केव्हाच बोरीला जाऊन पोचलं होतं.

बोरीचं आमचं घर माळवदाचं. जाडजूड मातीच्या भिंती, सागाचे खांब, डोक्यावर मातीचं सपाट छत. उन्हाळ्यात आत पाऊल टाकलं की रांजणात उतरल्यासारखं गार वाटायचं. अशा घरांना खिडक्या जवळजवळ नसतातच. पण आमच्या बैठकीला रस्त्याच्या बाजूनं एक होती, कोरीव सागवानी, आणि आईचा तिच्यावर भारी जीव. दर दिवाळीला ती जवसाचं तेल घेऊन बसायची आणि लेकीला न्हाऊ घालावं तशी त्या चौकटीला चोळायची. भिंत इतकी रुंद, की खिडकीत माणूस मांडी घालून बसे. तिथं बसायचे आमचे दादा, म्हणजे माझे वडील. समोरच्या घरात पिंजारी चाचा राहायचे, गावाचा कापूस पिंजणारे, गाद्या भरणारे. हे खिडकीत, ते आपल्या उंबऱ्यावर, मधे बैलगाडीचा रस्ता. आणि पावसापासून तंबाखूपर्यंत सगळ्या गप्पा त्या रस्त्यावरून. बायकांना नावं ठेवतात, पण पुरुषांचं तोंड सुरू झालं की कसं चालतं, ते मी त्या खिडकीत पाहिलंय.

मग रझाकारीचं वर्ष आलं. रोज उठून कुठल्या ना कुठल्या गावच्या जाळपोळीची बातमी. एका दुपारी दादांनी खिडकीच्या झडपा लावल्या, आतून-बाहेरून कच्च्या विटा रचल्या आणि अख्ख्या भिंतीवर पांढऱ्या मातीचा गिलावा दिला. आईनं त्या चिखलात ओंजळी ओंजळी कडुलिंबाचा पाला मिसळला. मग आम्ही सगळे निजामाच्या हद्दीबाहेर, वऱ्हाडात मावशीकडे निघून गेलो. पोलीस ॲक्शन झाली, निजामाचं राज्य गेलं, आम्ही परतलो. घर जागेवर होतं, माणसं धडधाकट होती. देवाची कृपाच म्हणायची.

दादांची झोप तेवढी परत आली नाही. दिवेलागणीलाच कडी, वर अडसर, अडसराला दगडाचा टेकू. कुत्रं भुंकलं की उठून बसायचे. दिवसा कधी आडवे झालेले मी पाहिले नाहीत. बसायचे तेही भिंतीला पाठ लावून, दाराकडे तोंड करून. अंगावरचं मांस झडत चाललं होतं. आई देवापुढे दिवा लावताना एकच मागायची, ह्या माणसाला झोप लागू दे. समोरच्या चाचांशी तर बोलणंच तुटलं होतं. आधी आम्ही भ्यालो होतो. ॲक्शननंतर मुसलमान म्हणून ते भ्याले, आणि त्यांचंही दार दिवसभर लोटलेलं असायचं. दोन्ही घरांनी एकमेकांचं काही म्हणता काही बिघडवलं नव्हतं. तरी दोन्ही दारं बंद.

अशी तीन-चार वर्षं गेली. परभणीच्या मामांनी नवं घर बांधलं, खोलीगणिक खिडकी, खिडकीला लोखंडी गज आणि काचेची तावदानं. आई बघून आली ती ठरवूनच. “ह्या दिवाळीला आपली खिडकी उघडायची,” ती म्हणाली. “न्हाई तर तुमी आन् तुमच्या भिंती. मी भावाकडं चालले.” दादांनी महिनाभर टाळाटाळ केली. शेवटी कबूल झाले. गज बसवायचे या अटीवर, आणि मीच बुजवली, मीच उघडीन, या हट्टावर.

आता गंमत बघा. भिंत त्यांनी इतकी मन लावून लिंपली होती, की खिडकी नेमकी कुठं होती तेच सापडेना! आतले कोनाडेसुद्धा त्याच गिलाव्यात बुजले होते, खूण म्हणून राहिली नव्हती. ठोकून पाहिलं तर सगळीकडे एकच बद्द आवाज. आई म्हणे उजवीकडं, दादा म्हणत डावीकडं. अर्थात डावीकडेच पहार पडली. दुपारपर्यंत भिंतीला आरपार भोक पडलं, धूळ आली, भसकन ऊन आलं, एक शेळी आत डोकावून गेली. सागवानाचा मात्र पत्ता नाही. दादांचा चेहरा पांढराफटक पडला. रस्त्यावर उघडं भोक, ना झडप ना गज! घाईघाईनं ते चिखल कालवायला बसले. आईनं कपाळाला हात लावला. एकदा हे भोक बुजलं की पुन्हा काही पहार हातात घेणार नाहीत, हे तिला आणि मलाही कळलं होतं.

तेवढ्यात बाहेरून आवाज आला.

“भाऊ, तिथं नव्हती खिडकी. इकडं, दोन हात अलीकडं.”

रस्त्यापलीकडे चाचा आपल्या उंबऱ्यावर उभे होते. दादांचा हात चिखलातच राहिला. भोकातून बाहेर बघत ते म्हणाले, “तुमच्या ध्यानात हाय अजून?”

“रोज त्या भिंतीकडंच बघत बसायलोय की.”

मग चाचा रस्ता ओलांडून आले. एक दगड उचलून बाहेरून भिंतीवर ठोकू लागले, आणि त्या ठोक्याच्या रोखानं दादा आतून पहार मारू लागले. थोड्या वेळात विटा ढासळल्या आणि आईची चौकट दिसली. वाळवीचा एक डाग नाही! कडुलिंबानं राखली होती. आई पुढे झाली आणि पदरानंच तिची माती पुसायला लागली.

दादा दमून त्या चुकलेल्या भोकाशी टेकले. बाहेर कट्ट्यावर चाचा. कापसाचं, पावसाचं असं काहीबाही बोलणं सुरू झालं, अडखळत, मग सरळ. चाचा काही सांगत होते आणि आतून हुंकार येईनासा झाला. त्यांनी वाकून पाहिलं आणि आईला खुणेनंच सांगितलं, निजले. उघड्या भिंतीशी, सताड उघड्या दाराच्या घरात, भर उन्हात आमचे दादा घोरत होते. आईनं भाकरी झाकून ठेवल्या, आम्हाला दटावून परसात पिटाळलं आणि स्वतः चुलीपुढे बसून रडली. चूल तर विझलेली होती.

ते भोक मग बुजवलं नाहीच. परभणीहून मोटारीच्या टपावरून गज आणि तावदानं आली आणि तिथं नव्या चालीची खिडकी झाली. शेजारी जुनी कोरीव, सागवानी. बैठक अशी खुलली, की जिंतूरचे पाहुणे मुद्दाम बघायला यायचे. चाचांनी दोन्हीकडे बसायला गाद्या भरून दिल्या. आई हसून म्हणायची, एक चुकलेली, एक बरोबर, संसार असाच असतो. दादा मात्र जन्मभर चुकलेल्या खिडकीतच बसले.

आज ना ते घर आहे, ना दादा-चाचांपैकी कुणी. बोरीला आता त्या जागी सिमेंटचं बांधकाम आहे, चांगलं हवेशीर आहे, मला त्याचं वाईट वाटत नाही. माणसं भीतीतून सुटून मोकळी जगली आणि मोकळी गेली, एवढं पुष्कळ झालं.

कुणीतरी पडदा हळूच ओढला तशी मला जाग आली. अंगावर शाल होती. पलीकडे सून ओठांवर बोट ठेवून नातवंडांना गप्प करत होती. मला जागी पाहून कसनुसं हसली.

“घर आवडलं नाही वाटतं, आई. बसल्या बसल्या झोपलात.”

“अगं, आवडलं म्हणूनच,” मी म्हणाले.