काकांचं अर्धं भाषण

"आधी पाणी पी, मगे बोल."

दाराशी कुरिअरवाला आला काय किंवा सोसायटीचा सेक्रेटरी म्हणून मी गेलो काय, काकांचं पहिलं वाक्य हेच. तांब्याभांडं दाराजवळच्या स्टुलावर कायम भरलेलं. तुमच्याही बिल्डिंगमध्ये असं कुणी असेल. आमच्या मुलुंडच्या सोसायटीत हे होते. मूळ मालवणकडचे, फौजेतून निवृत्त झालेले. तरुणपणी एका लढाईनंतर त्यांना युद्धकैद्यांच्या छावणीवर पहाऱ्याला ठेवलं होतं. समोरच्याला आधी पाणी द्यायची सवय तिथलीच.

"हात वर केल्यान काय तो दुश्मन नाय रवलो. मगे ती आपली जबाबदारी. कळला मा?" असं ते सांगत. आम्ही मान डोलावत असू. पाण्याबरोबर कधीमधी खाजंही मिळे.

सव्वीस जानेवारीचं झेंडावंदन त्यांच्याच हस्ते व्हायचं. त्या वर्षी सीमेवर तणाव होता, टीव्हीवर रोज आरडाओरडा. "काका, यंदा जरा जोशात होऊ द्या," मी सांगून ठेवलं होतं. ते बोलले भलतंच. शत्रूचा एक सैनिक, दोन्ही हात भाजलेला, त्यांच्या पहाऱ्यात होता. त्याला ते महिनाभर आपल्या हाताने भरवत होते. मागून कुणीतरी ओरडलं, "काका, तुम्ही नक्की कोणाच्या टीममध्ये?" लोक हसले. घोषणा सुरू झाल्या. काका थांबले, मग म्हणाले, "पट्ट्या सुटल्या त्या दिवशी तो मला म्हणाला—"

मी माईक बंद केला आणि देशभक्तीचं गाणं लावलं. गडबड वाढू नये म्हणून, असं बायकोला सांगितलं. खरं म्हणजे मी लोकांना घाबरलो. काकांचे ओठ थोडा वेळ हलत राहिले. मग त्यांनी टोपी सारखी केली आणि खुर्चीत जाऊन बसले.

संध्याकाळी माफी मागायला गेलो. त्यांनी दार उघडून भांडं पुढे केलं. मी प्यायलो. तोंड उघडणार, तोच त्यांनी विचारलं, "माईक बिघडलो काय रे?"

त्यांनी मला सुटायला वाट करून दिली होती.

"हो काका, वायर लूज होती."

"दुरुस्त करून घे हां."

पुढे पावसाळ्यात काका गेले. यंदा झेंडावंदनाला त्यांच्यासाठी दोन मिनिटं शांतता पाळली. माईक माझ्या हातात होता आणि चालूही होता. पण तो कैदी काकांना काय म्हणाला, ते मला ठाऊक नाही. मी कधी विचारलंच नाही. "धन्यवाद," म्हणालो आणि गाणं लावलं.