विरला म्हणजे गेला कुठं?

सोलापुरात असा एकही सभ्य माणूस नसेल, ज्याच्या अंगावरच्या कपड्याचा धागा आमच्या समोरच्या अण्णांनी उपसून जाळलेला नाही. अतिशयोक्ती वाटत असेल, तर तुम्ही आमच्या पूर्व भागात, म्हणजे तेलुगू विणकरांच्या वस्तीत राहत नाही, एवढाच त्याचा अर्थ. अण्णांचा उभा जन्म एका टॉवेलच्या कारखान्यात सूत पास करण्यात गेला. आलेल्या सुताचा धागा काढायचा आणि काडी लावायची. जळक्या कागदाचा वास आला, बोटात राख उरली तर कापूस. धाग्यानं आक्रसून टोकाला काळा टणक मणी धरला तर पॉलिएस्टर. नोकरी सुटली, पण काडीपेटी सुटली नाही. बिडीला आयुष्यात न शिवलेल्या या माणसाच्या खिशात ती कायम असते, त्यामुळे गल्लीतले बिडीवाले त्यांना फार मानतात.

गेल्या वर्षी गणपती मंडळानं ज्येष्ठ नागरिक म्हणून अण्णांचा सत्कार ठेवला. खांद्यावर शाल पडली. अण्णांनी शालीचा एक धागा ओढला आणि माईकसमोरच काडी पेटवली. अध्यक्ष दोन पावलं मागे सरले. धाग्याच्या टोकाला मणी आला. "पत्ति कादु," अण्णा तेलुगूत म्हणाले. म्हणजे, हा कापूस नव्हे. माईक चालू असल्यानं हा निकाल शेवटच्या खुर्चीपर्यंत गेला. अण्णांनी शाल नीट घडी करून परत दिली, नारळ मात्र ठेवून घेतला. "नारळात भेसळ न्हाई," म्हणाले. घरी अक्का, म्हणजे त्यांची बायको, कपाळाला हात लावून बसल्या होत्या. "लग्नात माझ्या शालूला पण काडी लावणार होते," त्या आमच्या हिला सांगत होत्या. "माझ्या अप्पानं काडीपेटी काढून घेतली म्हणून संसार झाला बघ."

इथवर सगळं निरुपद्रवी होतं. पण एके दिवशी अण्णा चहाला आले असताना ही सहज बोलून गेली, "हा टॉवेल पार विरला हो अण्णा."

अण्णांनी बशी खाली ठेवली. "विरला म्हणजे गेला कुठं?"

"अहो, जुना झाला."

"व्हय, पण घेतला तवा चांगला जाड होता की. अर्धा टॉवेल हितं हाय. उरलेला अर्धा कुटं हाय?"

एवढी शाळा शिकलो, पण विरलेलं कापड जातं कुठं, हा विचार माझ्या मनाला काही कधी शिवला नव्हता.

दुसऱ्या दिवशी आमच्या वॉशिंग मशीनच्या पाइपाला अण्णांचं जुनं धोतर बांधलेलं निघालं. पाणी तुंबून घोट्यापर्यंत आलं आणि ही मोरीतून ओरडली. "सूनबाई, दोन मिनिटं थांबा की," अण्णा बाहेरून शांतपणे म्हणाले. "तुमचा टॉवेल गाळून घेतो." धोतरात चिमूटभर राखाडी लव साठली. ती त्यांनी वाळवली, जाळली. थोडी राख झाली, बाकीचा मणी. मग ते परसातल्या कढीपत्त्याकडे वळले, कारण मशीनचं पाणी त्याच्याच आळ्यात जातं. तिथली मूठभर माती कागदावर पसरून त्यांनी धागे मोजायचं भिंग लावलं आणि बसले ते बसलेच. शेवटी मी भिंग मागून घेतलं. मातीत केसाहून बारीक निळे धागे होते. रंग जराही उडाला नव्हता.

"कापूस असता तर कवाच माती झाला असता," अण्णा म्हणाले. "ह्यो न्हाई हुनार. पाऊस आला की वढ्याला जातो, वढ्यातनं तळ्याला. तितं मासा खातो." मग भिंग परत घेऊन म्हणाले, "हा निळा माझा हाय."

हळूहळू सगळं बाहेर आलं. नोकरीच्या शेवटच्या वर्षांत मालकानं किनारीसाठी निळं मिक्स सूत आणलं. अण्णांनी काडी लावली, मणी आला. मालक म्हणाला, "चालतंय की अण्णा, नुसती किनार तर हाय." आणि अण्णांनी ते पास केलं. 'शुद्ध सुती' हा शिक्काही त्यांच्याच हातानं बसला. "एकदाच चालतंय म्हणालो," ते मातीकडे बघत म्हणाले. "मग रोज चाललं." एवढ्या वर्षांत मी अण्णांना पहिल्यांदाच मान खाली घातलेलं पाहिलं आणि मला फार वाईट वाटलं.

त्यानंतर अण्णांनी ते टॉवेल परत गोळा करायला घेतले. पिशवीत चुलतभावाच्या हातमागावरचे सुती पंचे घ्यायचे आणि दारोदार हिंडायचं. "निळ्या किनारीचा हाय का? तो द्या, हा घ्या." वाटतं तितकं हे सोपं नाही. आमच्याकडचा माणूस टॉवेल टाकत नाही. टॉवेल आधी पाहुण्यांचा असतो, मग घरच्यांचा, मग हात पुसायचा, मग फरशीचा, आणि म्हातारपणी मोटरसायकलच्या सीटखाली जातो. त्यामुळे अण्णा सिग्नलला लोकांना सीट उघडायला लावू लागले. केम गावच्या एका पाहुण्याकडे लग्नात सहा टॉवेलांचा आहेर गेल्याचं अक्कांना आठवलं, तर हे रेल्वेनं केमला गेले. चार घेऊन आले. "दोन म्हशीच्या अंगावर हाईत," म्हणाले. "म्हस देईना."

आमच्या घरचा एक राहिला होता. मुलगी झाली तेव्हा दवाखान्यातून तिला ज्यात गुंडाळून आणलं, तो. दिला होताही अण्णांनीच, नवा कोरा. मुलगी आता पुण्याला नोकरी करते आणि टॉवेल कपाटात वरच्या कप्प्यात आहे. "सगळं घर न्या म्हणावं, पण तो देणार नाही," ही म्हणाली. अण्णांपासून लपवणं मला जमेना. मी त्यांना बोलावून घेतलं. हिनं "नुसता बघा" म्हणत टॉवेल आणून त्यांच्या मांडीवर ठेवला. अण्णांनी निळ्या किनारीवरून अंगठा फिरवला. हात सवयीनं खिशाकडे गेला आणि तिथंच थांबला.

"काडी लावून बघायची का?" काहीतरी बोलायचं म्हणून मी विचारलं.

"नको," ते म्हणाले. "मला म्हाईत हाय की."

मग ते टॉवेलाची घडी घालत राहिले, कारखान्यात घालायचे तशी, कोपऱ्याला कोपरा लावून. "ठेवा तुमी, सूनबाई," शेवटी म्हणाले. "एवढा एक राहू दे माझ्या नावावर. फक्त धुऊ नका."

आम्ही धुतलेला नाही. परवा मुलगी आली होती. कपाट आवरताना तिनं तो टॉवेल काढला, हुंगला आणि म्हणाली, "शी, मशीनला टाकू का?" आम्ही दोघं एकदम "नको" म्हणून ओरडलो. समोरच्या ओट्यावर अण्णांनी मान वर करून पाहिलं. हल्ली ते फार उतरलेत, सदरा अंगावर लोंबतो. पूर्वीचे अण्णा चांगले दुप्पट होते. उरलेला अर्धा कुठं, हा त्यांचाच प्रश्न माझ्या ओठांवर आला होता, पण मी हात हलवून त्यांना चहाला बोलावलं.