बिभीषणची लाल वायर

संबळावर काठी पडली अन् हिंमतरावांनी हात वर करून कार्यक्रमच थांबवला.

"बिभ्या! ह्यो संबळ हाय का तेलाचा रिकामा डबा?"

बिभीषणला वाटलं, आबा थट्टा करत्यात. जळकोटात देवीच्या देवळापुढं नवा सभामंडप झालेला, त्याचा पहिला कार्यक्रम. सकाळचे अकरा. गाव सगळं गोळा. चन्नबसप्पा म्हाताऱ्यानं संबळ वाजवला की छातीत घुमतो, हे लहान पोरांलाबी ठाऊक. अन् बिभीषण जिथं उभा व्हता, डाव्या स्पीकरच्या बुडाशी मशीनजवळ, तिथं तर मस्त घुमतच व्हता.

"आबा, चांगला वाजतोय की."

"तुझ्या कानात बोळा हाय का? हितं मधी येऊन ऐक!"

माणसं हसली. बिभीषणच्या कानाची पाळी गरम झाली. चोवीस वर्षं झाली त्याला ह्या धंद्यात. गावातलं एक लगीन, एक बारसं त्याच्या स्पीकरबिगर झालं न्हाय. माणूस कसा, तर दुसऱ्याच्या मांडवातबी आवाज फाटाय लागला की जेवण टाकून उठणारा. अन् नेमकं आज हे. यंदाच्या यात्रेचा साऊंड बिभीषणला द्यायचा का धाराशिवच्या पार्टीला, ते कमिटी आज ठरवणार व्हती. कमिटीचे मुख्य हिंमतराव. म्हणूनच तर त्या पार्टीचा रुद्रेश सकाळपासनं मंडपात फिरत व्हता, खिशात हात घालून, सासऱ्याच्या घरात फिरल्यागत.

बिभीषण मधल्या रांगेत गेला. "वाजवा, आप्पा."

चन्नबसप्पांनी काठी मारली.

अन् बिभीषणच्या पायाखालची फरशी सरकली. घुमच न्हाय! नुसतं टिक टिक. संबळाचं पोट कुणीतरी कापून नेलेलं. तो दोन पावलं डावीकडं सरकला, घुम आला. परत मधी आला, गेला. माणसं बघत्यात, ह्यो येड्यागत इकडं तिकडं काय उड्या मारतोय.

तो पळत गेला अन् उजव्या स्पीकरची वायर उपसली. आता एकच स्पीकर चालू. आवाज अर्धा व्हायला पायजे का न्हाय? अर्धा कुठला! संबळ धाडकन मधल्या रांगेत येऊन आदळला. हिंमतराव खुर्चीत दचकले.

"आयला," मागनं कुणीतरी म्हणलं, "बंद केल्यावर वाढला?"

एका म्हातारीनं देवळाकडं बघून हात जोडले.

त्यात देवाधर्माचं काय नव्हतं. स्पीकरमधला पडदा पुढं-मागं हलतो, तवा हवा ढकलली जाती अन् आवाज व्हतो. दोन स्पीकर म्हंजे एका जुवाची दोन बैलं. दोघांनी बरुबर पुढं जायचं. एकाची वायर उलटी लागली, लालच्या जागी काळी, की एक पडदा पुढं जातो तवाच दुसरा मागं. एक बैल पुढं ओढतोय, एक मागं. गाडी हलंल का? मधल्या जागी जाड आवाज एकमेकाला खाऊन टाकतो. एकेकटा वाजवला तर दोन्ही बैलं गुणाची. सकाळी बिभीषणनं एकेकच वाजवून बघितलेले.

म्हंजे वायर उलटी. बिभीषणची वायर! चोवीस वर्षांत एकदाबी न्हाय, अन् आज?

त्याची नजर रुद्रेशवर गेली. उजव्या स्पीकरला सकाळी ह्यानंच हात लावलेला. बघितलेलं.

"तूच रं!" बिभीषणनं त्याची गचांडी धरली. "यात्रा पायजे म्हणून माझ्या वायरी फिरवतो व्हय?"

"काका, सोडा! म्या नुसता बॉक्स सरकवला, उन्हात व्हता म्हणून. आईशप्पथ!"

"फोडा ह्याला," मागनं कुणीतरी ओरडलं. शर्टाचं बटन तुटून फरशीवर उडालं. चारजण बाह्या सारत उठले. गावाचा माणूस तो गावाचा, धाराशिवचा तो धाराशिवचा. कुणाला पुरावा पायजेच नव्हता.

तेवढ्यात बिभीषणच्या खिशात फोन वाजला. भूमवरनं, जगदेवीचा. त्याची बायको. लेक दीपाली बाळंत झाली म्हणून ती आठ दिसांपासनं तिकडं व्हती.

"अवं, झाला का कार्यक्रम?"

"कशाचा कार्यक्रम! हितं इज्जत गेली माझी. मधी आवाजच न्हाय—"

"वायर उलटी लागली व्हय?"

बिभीषणच्या एका हातात अजून रुद्रेशची कॉलर.

"तुला... तुला कुणी सांगितलं?"

"कोण सांगंल? म्या नव्हते ना आज."

"तू नव्हतीस म्हंजे?"

पलीकडं पाळण्याच्या कड्या वाजत व्हत्या. मग ती हळू आवाजात बोलली. "पैली ती एका बाजूला रेघ उठलेली वायर यायची. तवा तुमी बोटानं वळखायचा. तवा जोडणी कवाच चुकली न्हाय. ती यायची बंद झाली, त्याला आठ वर्षं झाली. तवापासनं तुमी जोडून चहाला गेला की म्या बघते. निम्म्या येळा उलटी असती. म्या फिरवते अन् गप बसते."

बिभीषणच्या हातातनं कॉलर सुटली.

लाल अन् काळं त्याला जन्मापासनं एकच दिसायचं. दोन्ही काळंच. कुणाला सांगितलं नव्हतं. आईलाबी न्हाय. रेघेची वायर गेली तवा लई भ्याला व्हता. मग अंदाजानं जोडाय लागला, जी जरा जास्त काळी वाटंल ती काळी. अन् आठ वर्षं एकदाबी चुकलं न्हाय! त्याला वाटलेलं, आपला डोळा तयार झाला. छाती फुगवून फिरत व्हता त्या डोळ्यावर.

डोळा जगदेवीचा व्हता.

"अवं? हाय का फोनवर?"

"आठ वर्षं," तो म्हणला. "एका शब्दानं बोलली न्हाईस."

"तुमीबी कुठं बोलला?"

त्यानं फोन तसाच हातात ठेवला. समोर चारजण रुद्रेशला घेरून उभे. बिभीषणनं तोंड मिटून ठेवलं असतं, तर पोराला मार बसला असता अन् यात्रा घरात आली असती. एवढं सोपं व्हतं.

"सोडा त्याला," तो म्हणला. कुणी ऐकंना. मग त्यानं माईकच उचलला. "सोडा! त्यानं काय केलं न्हाय. वायर म्या उलटी लावली. मला लाल रंग दिसत न्हाय."

चन्नबसप्पांची काठी हवेतच.

"दिसत न्हाय म्हंजे?" हिंमतराव उठून उभे राहिले.

"लाल अन् काळं मला सारखंच, आबा. जन्मापासनं."

"अन् मग इतकी वर्षं वायरी कोण जोडत व्हतं?"

"जोडत म्याच व्हतो. नीट करत व्हती जगदेवी. मलाबी आत्ताच कळलं."

हसावं का काय करावं, कुणाला कळंना. हिंमतरावांनी टोपी काढली, डोकं खाजवलं, परत घातली. "बाईचा डोळा अन् मिशीला पीळ तुझ्या," ते म्हणले. "यात्रेची सुपारी जगदेवीच्या नावानं लिवा. ती वायरी बघंल. ह्यानं खोकी उचलावी. ती नसंल तर धाराशिवची पार्टी. पटलं का, बिभ्या?"

"पटलं," बिभीषण म्हणला.

तो उजव्या स्पीकरच्या लाल-काळ्या दोन्ही वायरी घेऊन रुद्रेशपुढं गेला. "लाल कंची, तेवढं सांग."

"आधी माझं बटन हुडका, काका."

पन्नाशीला आलेला बिभीषण गावापुढं गुडघ्यावर बसला अन् खुर्च्यांखाली बटन हुडकाय लागला. घावलं. रुद्रेशनं ते खिशात टाकलं, अन् मग कुठं वाकून वायर दाखवली. "ही."

बोटाला वळखू यावी म्हणून बिभीषणनं तिथंच तिला गाठ मारली. स्पीकर जोडला, अन् मशीनकडं न जाता मधल्या रांगेत जाऊन उभा राहिला. चन्नबसप्पांनी काठी मारली. घुम थेट बरगडीत शिरला.

फोन अजून चालूच व्हता. त्यानं कानाला लावला.

"ऐकलं का?"

"ऐकलं. आता बरुबर हाय."

"जगदेवी, दसऱ्याला म्या तुला लाल साडी आणली व्हती बघ. तू लई नेसतीस ती."

त्यानं फोन दुसऱ्या कानाला लावला.

"कंच्या रंगाची हाय ती?"

"काळी," ती म्हणली. "ठेवा आता, पोर उठली."