अमेरिकेच्या पोथीचा अर्थ

आबांच्या पायाचं हाड मोडलं आणि डॉक्टरांनी दीड महिना पाय टेकू नका म्हणून बजावलं. सास्तूरच्या घरी संडास अंगणाच्या टोकाला. म्हणून मी वडिलांना धाराशिवला माझ्याकडं आणलं. तिसऱ्याच दिवशी सुरू झाले, "मला गावाकडं सोड."

त्यांच्यावर लक्ष राहावं म्हणून मी कॉलेजमधून आले की खाटेशेजारी वाचत बसायची. काळ्या कापडी बांधणीचं, पातळ पानांचं, आत रेशमी फीत असलेलं जाडजूड पुस्तक. अमेरिकेतल्या एका मोठ्या कादंबरीकाराच्या सुरुवातीच्या चार कादंबऱ्या एकत्र. एम.ए.ला यातली एकच अभ्यासाला होती, ती मी गाईडवर भागवली. खोटं कशाला सांगू? पुढं इंग्रजी शिकवायची नोकरी लागली, तेव्हा लाज वाटून सगळ्याच मागवल्या.

आबांनी पान चिमटीत धरून बघितलं, फीत ओढून बघितली. "पोथीच की ही. वाच."

"इंग्रजी आहे, आबा."

"असू दे. आधी वाच, मग अर्थ सांग."

आमच्या गावात श्रावणात देवळात पोथी लागते. एक जण ओवी वाचतो, दुसरा अर्थ सांगतो. आबा शाळेची पायरी चढले नाहीत, पण वर्षानुवर्षं अर्थ सांगायला तेच बसतात. वाचणारे बदलले, आबा बदलले नाहीत.

मी आमच्या घरातली पहिली पदवीधर. आबांनी मला इंग्रजी वाचताना कधी ऐकलं नव्हतं. जरा मोठ्यानंच वाचलं. नवरा दारातून चिडवायचा, "आबा, आज कितवा अध्याय?"

"जावईबापू, चप्पल काढून आत या. पोथी चालू हाय."

पहिल्या कादंबरीत कोरडवाहू शेतकऱ्याची मुलगी बापाचं न ऐकता शहरात शिकायला निघते. बाप घोड्याचा पट्टा शिवत बसलेला. गाडी निघते, तो मान वर करत नाही. कादंबरी तिथंच संपते.

तो भाग येणार हे मला माहीत होतं. मी बारावीनंतर धाराशिवला निघाले तेव्हा आबांनी माझ्यासाठी स्थळ बघून ठेवलं होतं. आई पिशवी घेऊन एसटीपर्यंत आली. आबा ओट्यावर पाठ करून दोर वळत बसले. वर्षभर माझ्याशी बोलले नाहीत. पुढं बोलले, लग्नही हौसेनं केलं, पण त्या सकाळचा विषय आमच्यात कधी निघाला नाही. मला तो काढायचा होता, तोंड उघडत नव्हतं. म्हणून तेवढं पान सावकाश वाचलं आणि अर्थ त्याहून सावकाश सांगितला.

आबा म्हणाले, "पुढं वाच."

पुढं दुसरी कादंबरी. बंदर, जहाजं, वेगळी माणसं. आबांनी दोन दिवस ऐकलं आणि विचारलं, "ती पोरगी कुठं गेली?"

"ती गोष्ट संपली, आबा. ही वेगळी आहे."

"एका पुठ्ठ्यात बांधल्यात आन् वेगळी कशी? अध्याय संपला म्हणून माणूस संपत न्हाय."

मग गोष्टीत कुठलीही बाई आली की, "हीच का ती?" दवाखान्यातली नर्स आली, हीच का? खानावळवाली आली, हीच का? गावाकडं सोड म्हणायचं मात्र बंद झालं. चौथी कादंबरीही संपली, तेव्हा ते वैतागले. "पोचली का न्हाय, एवढं तरी सांग."

पोचली म्हणायला काय लागत होतं? पण पोथीचा अर्थ खोटा सांगायचा नाही, हे त्यांचंच शिकवणं. "तसं लिहिलेलं नाही, आबा."

आबांनी विचारलं, "हे लिहिलं तवा लिहिणाऱ्याचं वय काय व्हतं?"

"पहिली कादंबरी? पंचविशीतला असेल."

"लेकरंबाळं?"

"नव्हती तेव्हा."

"मग बराबर हाय." उशी पाठीला घेऊन ते देवळात बसतात तसे ताठ बसले. "आता अर्थ म्या सांगतो. बापानं मान वर केली न्हाय, हे त्यानं गाडीत बसून लिहिलंय. गाडीत बसलेल्याला मागचं काय दिसतंय? गाडी वळली की बाप उठतो. हातातलं टाकून फाट्यापर्यंत जातो. धूळ खाली बसंपर्यंत उभा राहतो."

मी म्हणाले, "धूळ कुठली, आबा? फाट्यावर तर डांबरी रस्ता आहे."

"आता हाय. तवा काम चालू व्हतं."

खरंच चालू होतं. एसटीच्या खिडकीतून खडीचे ढीग मी बघितले होते. मागं बघितलं नव्हतं.

मी पुस्तक मिटलं. आबा म्हणाले, "म्हातारपणी लिहिलेलं बी असंल की त्याचं. त्यात नीट केलं असंल. मागव."

प्लास्टर निघालं, आबा सास्तूरला गेले. नंतरच्या कादंबऱ्यांचा खंड मी मागवला, तसाच काळा, तशीच फीत. ती मुलगी त्यात नाही, मी चाळून बघितलं. फोनवर तसं सांगितलं.

"तू वाच तर," आबा म्हणाले. "अर्थाचं म्या बघतो."