जन्माला सगळेच येतात

आमच्या शाळेतल्या इतिहासाच्या बाईंना थोरांचं बालपण सहन होत नसे. वहीत 'त्यांचा जन्म एका गरीब कुटुंबात झाला' हे वाक्य दिसलं की लाल पेन तिथंच थांबे. "जन्माला सगळेच येतात. हा घरातून निघाला कधी, तिथून सुरू कर."

आठवीला दरवर्षी एका दर्यावर्दीचं चरित्र लिहायला असे. नेवासे तालुक्यातल्या आमच्या पोरांनी समुद्र पाहिलेला नाही, त्यामुळे गाइडमधला समुद्र सगळ्या वह्यांत एकसारखा खवळे. प्रत्येक दर्यावर्दी लहानपणापासून हुशार, धाडसी आणि आज्ञाधारक. "एवढा आज्ञाधारक होता तर घरीच बसला असता की!" बाई शिक्षकखोलीत वह्या आपटत म्हणायच्या. "आणि सगळेच हुशार? मग ढ पोरं मोठी होऊन जातात कुठं?" हे विचारताना त्या आमच्या मुख्याध्यापकांच्या दाराकडं बघत.

'शूर' हा शब्द त्यांनी वर्गात बंद केला होता. "शूर होता हे तू नको सांगू. घाबरला कधी ते सांग. जहाजावर खाल्लं काय? उंदीर हुते का? मग ते निबंधातून गेले कुठं?"

एकदा एका मुलीनं लिहिलं, 'तो आईला न सांगता निघाला. सांगितलं असतं तर तिनं जाऊ दिलं नसतं.' बाईंनी ते वाक्य शिक्षकखोलीत मला दोनदा वाचून दाखवलं, नाक शिंकरलं आणि दहापैकी सात गुण दिले. "अक्षर घाण हाय."

निवृत्तीच्या आधी त्यांनी माझ्याकडं एकच गोष्ट मागितली. "निरोपाला माझं चरित्र गाइडसारखं वाचू नका. तेवढं तुम्ही सांभाळा." मानपत्र माझ्याकडंच होतं. मी बाईंच्या त्या जहाजावरच्या उंदरांपासून सुरुवात केली. मुख्याध्यापकांना ती पटेना. त्यांनी रातोरात स्वतः नवं लिहिलं आणि समारंभात खड्या आवाजात सुरू केलं, "बाईंचा जन्म एका गरीब कुटुंबात झाला. बालपणापासूनच त्या हुशार, आज्ञाधारक..."

बाई उठल्या. खांद्यावर शाल, हातात नारळ. लोकांना वाटलं, पाणी प्यायला चालल्या असतील. मी त्यांना फाटकाबाहेर गाठलं.

"बाई, अहो निघालात कुठं?"

"घोडेगावला. आज बाजार हाय. शेळी घ्यायचीय."

"निदान सांगून तरी यायचं!"

"सांगितलं असतं तर तुमच्या सायबांनी आणखी दोन भाषणं ठेवली असती. ही शाल बरी हाय. थंडीत शेळीला व्हईल." तेवढ्यात टेम्पो आला. त्या पुढं ड्रायव्हरशेजारी बसल्या आणि गेल्या.

शाळेच्या वार्षिक अंकात मी त्यांच्यावर लिहिलं. पहिलं वाक्य होतं, 'आपला सत्कार अर्धा टाकून बाई शेळी आणायला निघाल्या.' मुख्याध्यापकांनी विचारलं, "जन्मगाव राहिलं का?" म्हटलं, "राहू द्या." आणि त्यांनी त्यात हात घालायच्या आत अंक छापायला पाठवला.

आठवड्याभरानं बाईंचा फोन आला. कौतुक करतील अशी माझी भाबडी समजूत.

"वाचलं. ठीक हाय. पण शेळी कसली ते कुठं लिहिलंय? वाचणाऱ्यानं काय समजायचं?"

शेळी काळी होती. डाव्या कानावर पांढरा ठिपका. शाल तिनं पहिल्याच रात्री खाल्ली.